रुमाल सुटतो तेव्हा

(दृश्य : पुणे पुराभिलेखागार. टेबलावर कापडात बांधलेलं गाठोडं. गाठ सोडणारे हात.)

याला इथे रुमाल म्हणतात. कापडात आवळून बांधलेले जुने कागद. पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. त्यातला एक आज सोडतेय इतिहासात पीएचडी करणारी ही मुलगी. मुलगी म्हणायचं, वय ३४. विषय : पेशवाईत घाटवाटांवर घेतली जाणारी जकात.

(दृश्य : मोडी कागद, अगदी जवळून.)

आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत सुटायचं, अशी ही मोडी लिपी. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही.

तारीख बघा : ‘सलास सबैन मया व अलफ’. हे अरबी आकडे : तीन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११७३; शुहूर ही या कागदांवरची कालगणना. हे वर्ष मृगाला सुरू होतं. त्यामुळे इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पहिल्या वर्षी तिने सगळीकडे ६०० मिळवले. पावसाळ्यातली पत्रं एक वर्ष पुढे सरकली, आणि गाइडनी अख्खं प्रकरण पेन्सिलीने खुणा करून परत दिलं.

(दृश्य : विद्यापीठातली झाडं, एका विभागाचा जिना.)

विद्यापीठाच्या कॅलेंडरला मृग माहीत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन वर्षं, कमाल सहा. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत. प्रवेश परीक्षा पास झालं तरी गाइड मिळायला हवा : प्रोफेसरकडे एका वेळी आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार. मग कोर्सवर्क, आणि दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती अहवाल.

‘किती प्रकरणं झाली?’ असं तिथे विचारतात. चार दिवस एकाच कागदावर घालवले, आणि पाचव्या दिवशी कळलं की तो आपल्या कामाचा नाही. हे अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं?

(दृश्य : एसटीची खिडकी. मांडीवर उत्तरपत्रिका.)

जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली असती तर महिना ३७ हजार रुपये होते. नाही मिळाली. मग तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवायचं. जेवढे तास तेवढे पैसे. मे महिन्यात तास नाहीत, पैसेही नाहीत. संशोधनाला मात्र तोच महिना मोकळा. गावी लग्नाला जावं तर मावश्या विचारतात, ‘अगं, संपलं का तुझं ते?’

एका बाबतीत ती निर्धास्त आहे. प्रबंधात इतरांशी जुळणारा मजकूर दहा टक्क्यांपर्यंत चालतो. आता जो कागद आजवर कुणी छापलाच नाही, तो सॉफ्टवेअर जुळवणार कशाशी?

(दृश्य : पुन्हा तेच टेबल. दुपार.)

हे पत्र एका कमाविसदाराचं, म्हणजे वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याचं. जकातीची वसुली कमी का आली, त्याची कारणं दिलीत. पाऊस लांबला, बैल मेले, व्यापारी दुसऱ्या वाटेने गेले. ती बोट न टेकवता ओळीवरून सरकत शेवटाशी येते आणि हळू आवाजात वाचते : ‘बहुत काय लिहिणे.’

आणि हसू आवरत वहीकडे बघते. तिची अजून चार प्रकरणं लिहायची आहेत.