जोत्यातले झरोके आणि वर चढलेले पेव्हर ब्लॉक

दृश्य : सोलापूरच्या जुन्या पेठेतली गल्ली. काळ्या दगडाचं जोतं, त्यात गज लावलेला झरोका. त्याची खालची कड पेव्हर ब्लॉकच्या खाली गेलेली.

निवेदन :

घर बांधलं तेव्हा हा झरोका रस्त्यापासून चांगला हातभर वर होता. घर जागचं हललेलं नाही. वर आला तो रस्ता. आधी मुरूम, मग डांबर, मग काँक्रीट आणि आता पेव्हर ब्लॉक. प्रत्येक थर आधीच्या थरावर पडला, जुनं उकरून काढायची तसदी कुणी घेतली नाही. घरामागच्या अंगणातही तेच झालं. शहाबादी फरशी खडबडीत झाली म्हणून तिच्यावरच ब्लॉक बसवले.

आता या झरोक्याचं काम काय, ते आतून पाहू.

दृश्य : तळघर. भिंतीवर बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी गळते.

जुन्या सोलापुरी घराची भिंत बाहेरून दगडी दिसते, पण दोन तोंडांच्या दगडांमध्ये मातीची भर असते. ही भर जमिनीतली ओल वर ओढते. जुन्या बांधकामात बहुधा डीपीसी, म्हणजे जोत्यात ओल अडवणारा आडवा थर, नाही. ओल अडवायची सोय म्हणजे उंच जोतं, आणि चढलेली ओल वाळवायची सोय म्हणजे समोरासमोरच्या भिंतीतले झरोके. एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूने जाते. त्यातली एक बाजू बुजली की दुसरी उघडी असूनही फारशी कामाची राहत नाही. ओल भिंतीतच मुरते, पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर येऊन सुकतात आणि गिलाव्याला लोणा लागतो. फरशीपासून फूट-दीड फुटापर्यंत पोपडे सुटतात. सागवानी खांबाचा बुंधा मऊ पडतो, वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसू लागतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वरून ऑइलपेंट मारला, तर ओल आणखी वर सरकते. तो खर्च वाया जातो.

सोलापुरात पाऊस बेताचा, त्यामुळे ओलीकडे दुर्लक्ष होतं. पण परतीचा पाऊस सप्टेंबरात एकेका रात्री दणकून पडतो, आणि इथली काळी माती पाणी धरून ठेवते. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जोत्यालगत पाणी साचत राहिलं तर पायाखालची माती एका बाजूला जास्त फुगते आणि भिंतीला तिरपी चीर जाते.

म्हणून ब्लॉकवाल्याला इसार द्यायच्या आधी मोजमाप करा.

दृश्य : पारदर्शक नळीतलं पाणी. भिंतीवर पेन्सिलची खूण.

आत एकाने टॉर्च धरायचा, बाहेरच्याने उजेड दिसेल तो प्रत्येक झरोका खडूने खुणावायचा. कुंड्यांमागे, पायरीच्या पोटात लपलेलेही सापडतात. मग पाण्याच्या नळीने सगळ्या भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरून आधी पाणी सारखं दिसतंय ना, ते बघा. या रेघेपासून खाली मोजायचं : झरोक्याची खालची कड किती, जमीन किती. जमीन उंचसखल असते, तेव्हा नुसतं जमिनीपासून मोजलं तर फसगत होते.

आता हिशेब. माणसं आणि दुचाकी जाणार असतील तर ब्लॉक ६० मिलिमीटरचा. त्याखाली ३० मिलिमीटर क्रश सँड किंवा ग्रिट. त्याखाली दाबलेली खडी-मुरूम १०० मिलिमीटर. एकूण १९०, म्हणजे साडेसात इंच. चारचाकी येणार असेल तर ब्लॉक ८० चा आणि खालचा थर १५० चा. बेरीज २६० वर जाते.

समजा झरोक्याची कड आजच्या जमिनीपासून २५० मिलिमीटर वर आहे. न उकरता काम केलं तर ६० उरतात. पावसाचा थेंब ब्लॉकवर आपटून त्याहून वर उडतो आणि चिखल थेट आत जातो. झरोक्याखाली १५० मिलिमीटर मोकळे हवेत, म्हणजे किमान ९० मिलिमीटर उकराई आलीच. ब्रिटनमध्ये लाकडी जमिनीखालच्या पोकळीत हवा खेळवतात. तिथेही बाहेरची जमीन डीपीसीच्या १५० मिलिमीटर खाली ठेवतात आणि भिंतीच्या दर मीटरला १५०० चौरस मिलिमीटर मोकळी वाट सोडतात.

उकराई हा दरपत्रकात वेगळा आयटम म्हणून लिहून घ्या, राडारोडा उचलण्यासकट. नाहीतर तो गाळला जातो. उकरताना पायाचे दगड सुटे दिसले तर तिथेच थांबा आणि जाणत्या गवंड्याला दाखवा. खणलेला चर पावसात उघडा ठेवू नका.

उतार भिंतीपासून बाहेर, मीटरला २० मिलिमीटर. काम संपताना भिंत आणि ब्लॉकच्या सांध्यात सिमेंटचा वाटा, म्हणजे तिरपी कड, मारायची गवंड्यांना सवय असते. तो वाटा झरोक्याच्या कडेवर चढतो, तेव्हा त्या वेळी समोर उभं राहा.

उकरणं शक्यच नसेल तर भिंतीलगत २०० ते ३०० मिलिमीटरची पट्टी जुन्या पातळीलाच सोडा. ब्लॉकच्या बाजूने कर्ब, पट्टीच्या तळाला उताराचं काँक्रीट, वर २० मिलिमीटरची खडी. पण या पट्टीतल्या पाण्याला पीव्हीसी पाइपने गटारापर्यंत वाट द्यायलाच हवी. वाट नसलेली पट्टी म्हणजे पायाला पाणी पाजणारा पन्हाळ, आणि काळ्या मातीत तिच्यापेक्षा काहीच न केलेलं बरं.

दृश्य : गल्लीच्या बाजूची भिंत. झरोका विटांनी चिणलेला.

गल्लीची पातळी आपल्या हातात नसते. पावसाचं पाणी आत येतं म्हणून लोक झरोका विटांनी बुजवतात. पाणी थांबतं, पण हवाही थांबते. त्याऐवजी झरोका वर उचला. भिंतीत बाहेरच्या बाजूने, रस्त्यापासून दीड फुटावर भोक घ्या. तिथून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप दोन एल्बो देऊन आत खाली उतरवा. वरच्या तोंडाला खाली वळलेली टोपी. मग जुना झरोका बंद केला तरी चालतो. मात्र इथे एक चूक हमखास होते. या पाइपचं मोकळं तोंड साधारण ८,५०० चौरस मिलिमीटर. फूट बाय नऊ इंचाच्या झरोक्याचं सत्तर हजारांच्या घरात. एक पाइप म्हणजे आठवा हिस्सा. तेव्हा एका झरोक्याच्या बदल्यात निदान दोन-तीन पाइप घाला, आणि समोरच्या भिंतीतही तेवढेच.

तोंडाला जाळी उंदीर अडेल इतपत, ६ मिलिमीटरची. पूर्व भागात, जिथे घरोघरी माग चालतात, तिथे डासांची बारीक जाळी टिकत नाही. हवेतले सुताचे तंतू तिच्यावर बसतात आणि काही दिवसांत नमदा तयार होतो.

स्वयंपाकघराच्या जमिनीलगत असलेली जाळी तर कधीही बुजवू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो आणि त्याच जाळीतून बाहेर पडतो. तळघरात सिलिंडर ठेवू नये, तेही याच कारणाने.

काम झाल्यावर तपासणी सोपी आहे. घरात गॅसचा वास नाही याची आधी खात्री करा. मग झरोक्यापाशी उदबत्ती धरा. धूर आत किंवा बाहेर ओढला गेला तर वाट मोकळी. सरळ वर गेला तर समोरच्या भिंतीतला झरोका बघा. बहुतेक वेळा अडथळा तिकडेच असतो. दिवसातून दोन वेगवेगळ्या वेळी बघा, कारण वारा पडलेला असेल तर धूर फसवतो.

जाळी सिमेंटमध्ये गाडू नका, चार स्क्रूंवर बसवा. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या रंगकामाला एकदा ती काढून आतला गाळ, कोळिष्टकं आणि पालापाचोळा हाताने बाहेर घ्यावा लागतो.