पालेर्मो: हातानं लिहिलेला कागद

(दृश्य: विमानाच्या खिडकीतून उघडे डोंगर, खाली निळा समुद्र)

इटलीच्या सिसिली बेटावर, तिथल्या राजधानीला पालेर्मोला निघालो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जपून जा हं. माफिया आहे ना तिथे?"

पालेर्मोच्या विमानतळाला नाव आहे माफियाशी लढलेल्या फाल्कोने आणि बोर्सेलिनो या दोन न्यायाधीशांचं. तिथून शहराकडे निघालं की वाटेत कापाची हे गाव लागतं. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना उंच लालसर स्तंभ, त्यांवर नावं. 23 मे 1992 ला माफियानं या रस्त्याखाली पेरलेल्या स्फोटकांनी जोव्हान्नी फाल्कोने, त्यांच्या पत्नी फ्रांचेस्का मोर्व्हिल्लो आणि तीन अंगरक्षकांचा जीव घेतला. वर टेकडीवर एक पांढरी खोली दिसते. स्फोटाची कळ तिथून दाबली होती. आज तिच्या भिंतीवर ठळक निळ्या अक्षरांत लिहिलंय: माफिया नको.

(दृश्य: पियाझ्झा माजोने, फुटबॉल खेळणारी मुलं)

फाल्कोने आणि बोर्सेलिनो दोघेही पालेर्मोच्या याच काल्सा भागातले, लहानपणी याच मैदानात खेळलेले. त्यांनी माफियाविरुद्ध उभ्या केलेल्या खटल्यात सुमारे पावणेपाचशे आरोपी होते. त्यासाठी तुरुंगाला लागून खास काँक्रीटचं न्यायालय बांधावं लागलं. फाल्कोने गेल्यावर 57 दिवसांनी पाओलो बोर्सेलिनोही पाच अंगरक्षकांसह मारले गेले. त्या दिवसांत पालेर्मोच्या बायकांनी घरातल्या पांढऱ्या चादरींवर निषेध लिहिला आणि त्या बाल्कनीतून खाली सोडल्या. ज्या शहरात साक्षीदारानं काही पाहिलेलं नसायचं, त्या शहरात लोक आपल्याच घराच्या कठड्यावरून बोलू लागले. मला या शहराची खरी ओळख तिथे सापडते.

(दृश्य: राजवाड्यातलं चॅपल, सोनेरी मोझेक, वर कोरीव लाकडी छत)

ग्रीकांनी या शहराला पानोर्मोस म्हटलं, म्हणजे सगळंच बंदर. सन 831 मध्ये अरब आले, नंतर नॉर्मन. नॉर्मन राजा दुसरा रॉजर यानं बांधलेल्या या चॅपलमध्ये भिंतींवर बायझंटाईन ख्रिस्त आहे, आणि छत अरबी कारागिरांच्या हातचं, कुराणाच्या लिपीतल्या शुभेच्छांसह. मान मोडेपर्यंत वर बघत राहावं असं.

(दृश्य: बाल्लारो बाजार, कढईत उकळतं तेल)

आणि बाल्लारोत पोटपूजा. हरभऱ्याचं पीठ पाण्यात घोटायचं, थेट आपल्या सुरळीच्या वडीसारखं. त्यात मीठ आणि थोडी हिरवी पार्सली. पीठ थापून गार झालं की पातळ काप करून तळायचे. याला म्हणतात पानेल्ले. तीळ लावलेला पाव मधोमध चिरून चार-पाच गरम काप आत, वर लिंबू. पाव आणि बेसन! पहिल्या घासाला मराठी माणूस घरी पोचतो.

रात्री अकराला व्हिया माक्वेदावर लहान लेकरांना घेऊन कुटुंबं आईस्क्रीम खात रमतगमत फिरत असतात. गर्दीत खिसा-पाकीट सांभाळा, मुंबईत सांभाळता तेवढंच. माफिया संपलेला नाही. तीस वर्षं फरार असलेला माफियाचा म्होरक्या मात्तेओ मेस्सिना देनारो 16 जानेवारी 2023 ला याच शहरातल्या एका दवाखान्यापाशी पकडला गेला. पण 1980 च्या दशकातली ती रस्त्यावरची रोजची हत्याकांडं आता नाहीत. आणि दुकानात फ्रिजला चिकटवायचा बंदूकधारी माफियाचा पुतळा दिसला, तर कृपा करून विकत घेऊ नका. इथल्या अनेकांच्या घरातलं माणूस त्यात गेलंय.

(दृश्य: दुकानाच्या दारावरचं स्टिकर)

त्यापेक्षा हे स्टिकर शोधा. आपण ज्याला हप्ता म्हणतो, त्याला इथे पिट्झो म्हणतात. 2004 मध्ये काही तरुणांनी एका रात्रीत शहरभर चिठ्ठ्या चिकटवल्या, काळ्या कडेच्या, मृत्यूच्या सूचनेसारख्या: हप्ता देणारा समाज हा स्वाभिमान नसलेला समाज आहे. त्यातून 'अद्दिओपिट्झो' ही चळवळ उभी राहिली. स्टिकर म्हणजे, हा दुकानदार हप्ता देत नाही.

त्यांच्या तेरा वर्षं आधी एक माणूस एकटा उभा राहिला होता. कपड्यांचे कारखानदार लिबेरो ग्रास्सी. जानेवारी 1991 मध्ये त्यांनी "प्रिय खंडणीखोरास" असं जाहीर पत्र वर्तमानपत्रात छापलं: मी पैसे देणार नाही. 29 ऑगस्टला सकाळी घरासमोर त्यांना गोळ्या घातल्या.

(दृश्य: व्हिया अल्फिएरी, भिंतीवर कागद, फुटपाथवर लाल रंग)

त्या जागी संगमरवरी पाटी नाही. हातानं लिहिलेला कागद आहे. त्यावर म्हटलंय की त्यांना मारलं माफियानं, उद्योजक संघटनेच्या मौनानं, पक्षांच्या बेफिकिरीनं आणि सरकारच्या गैरहजेरीनं. उन्हापावसात कागद विरतो. पुढच्या 29 ऑगस्टला घरचे येतात, नवा कागद लावतात आणि फुटपाथवर पुन्हा लाल रंग ओततात.