एकाच पानाचे दोन संघ

(दृश्य: ऑन्टारियो सरोवर. टोरांटो बेटांकडे निघालेली फेरीबोट.)

कॅनडातल्या टोरांटोत कुणी 'लीफ्स' (पानं) म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. निळी-पांढरी जर्सी, छातीवर मेपलचं पान. हॉकी म्हटल्यावर आपल्याला हिरवं मैदान आठवतं. तिकडची हॉकी बर्फावरची. पण 'टोरांटो मेपल लीफ्स' हे नाव मुळात हिवाळ्याचं नव्हे. ते उन्हाळ्याचं, बेसबॉलचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नावाचा बेसबॉल संघ शहरात खेळत होता. सामने बघायला लोक बोटीनं बेटावर, हॅनलन्स पॉइंटला जायचे. 5 सप्टेंबर 1914 ला तिथे अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचा संघ आला. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता एकोणीस वर्षांचा बेब रूथ. त्या दिवशी त्यानं लीफ्सना एकच हिट, म्हणजे एकच यशस्वी फटका, घेऊ दिला, 9-0 असं हरवलं आणि वर स्वतः होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, मारला. व्यावसायिक खेळातला त्याचा तो पहिला होमरन. चेंडू सरोवरात पडला, असं शहर आजही सांगतं. पुढे बेसबॉलचा राजा ठरलेल्या माणसाची ही सुरुवात लीफ्सनी सोसलेल्या पराभवात आहे. मला तर या शहराच्या खेळाच्या इतिहासातला तो सर्वांत सुंदर दिवस वाटतो.

(दृश्य: बाथर्स्ट रस्त्याचं सरोवराकडचं टोक.)

1926 मध्ये संघ बेट सोडून किनाऱ्यावर आला. नवं मेपल लीफ स्टेडियम उभं राहिलं आणि पहिल्याच वर्षी लीफ्सनी 'इंटरनॅशनल लीग' ही बेसबॉलची स्पर्धा जिंकली. त्यानंतरच्या मालिकेत अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराच्या संघालाही धूळ चारली. शहरभर नाव गाजत होतं ते याच लीफ्सचं.

अवघ्या काही महिन्यांनी, फेब्रुवारी 1927 मध्ये, कॉन स्माइथ यांनी शहराचा हॉकी संघ ताब्यात घेतला. संघाचं नाव तेव्हा 'सेंट पॅट्रिक्स' होतं. ते बदलून झालं मेपल लीफ्स. पहिल्या महायुद्धात लढलेले स्माइथ सांगायचे, की हे पान कॅनडाच्या सैनिकांच्या बिल्ल्यावरचं आहे. त्यांच्या भावनेवर मला शंका नाही. पण टोरांटोच्या लोकांना ते नाव नवं नव्हतं, हेही तितकंच खरं. 17 फेब्रुवारीला, नव्या नावाच्या पहिल्या सामन्यात, जर्सीवरचं पान हिरवं होतं. निळा रंग नंतर आला.

मग दोन्ही लीफ्स शेजाऱ्यासारखे नांदले. उन्हाळ्यात स्टेडियम, हिवाळ्यात 'मेपल लीफ गार्डन्स'. हे गार्डन्स म्हणजे बाग नव्हे, बर्फावरच्या हॉकीचं बंदिस्त क्रीडागृह. ते 1931 च्या मंदीत सहा महिन्यांच्या आत बांधून झालं. पैसा इतका अपुरा, की कामगारांनी मजुरीचा काही भाग शेअरच्या रूपात घेतला.

(दृश्य: बर्फावर चषक उंचावलेले खेळाडू. लगेच, रिकामं स्टेडियम.)

आणि मग 1967. 2 मे रोजी हॉकीच्या लीफ्सनी माँट्रियलला 3-1 हरवून स्टॅन्ली कप, म्हणजे तिकडच्या हॉकीचा सर्वांत मानाचा चषक, जिंकला. शहर वेडं झालं. त्याच वर्षाचा हंगाम संपला, तेव्हा बेसबॉलचे लीफ्स मात्र विकले गेले होते. प्रेक्षक आटले होते, तिजोरी रिकामी होती. संघ गेला लुइव्हिलला, 1926 मध्ये ज्याला हरवलं त्याच गावी. पुढच्या वर्षी स्टेडियमही पाडलं. थोरला भाऊ गेला आणि नाव धाकट्याकडे राहिलं. त्या वर्षीनंतर पन्नासहून अधिक वर्षं हॉकीच्या लीफ्सनाही तो चषक पुन्हा मिळालेला नाही.

(दृश्य: टोरांटोतलं क्रिस्टी पिट्स उद्यान. गवताचा उतार, खाली मैदान.)

पण बेसबॉलनं नाव सोडलं नाही. 1969 मध्ये जॅक डॉमिनिको यांनी 'इंटरकाउंटी लीग' या बेसबॉल स्पर्धेत पुन्हा 'टोरांटो मेपल लीफ्स' उभा केला आणि पन्नासहून अधिक वर्षं, 2022 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, सांभाळला. त्यांच्या काळात सामन्याला तिकीट नव्हतं. रविवारी दुपारी माणसं यायची, गवतावर चादर अंथरायची, पोरांना मांडीवर घ्यायची. आणि खाली मैदानावर, उन्हात, लीफ्स खेळत असायचे.