दस्तक : कान्होजी आंग्रे यांचा समुद्र

[दृश्य : अलिबागचा किनारा, पहाट. ओहोटी.]

पाणी उतरतंय. तासाभरात या घोडागाड्या कुलाब्याच्या दरवाजाशी पोचतील आणि भरती लागायच्या आत परत फिरतील. दिवसातून दोनदा हा किल्ला बेट होतो, दोनदा जमिनीला येऊन मिळतो. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचं काम सुरू केलं, शंभूराजांच्या काळात ते पुरं झालं. पण कुलाबा म्हटलं की इथल्या माणसाच्या तोंडी नाव येतं ते आंग्र्यांचं.

[दृश्य : तटाचे दगड, अगदी जवळून.]

हा तट नीट बघा. दगडावर दगड नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. दोन दगडांच्या फटीत चार बोटं सहज जातात. लाट येऊन आदळते, तिचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मरतो. खालच्या दगडांवर कालवं धरलीत, फटीफटींतून खेकडे पळतायत. साडेतीनशे पावसाळे या भिंतीने असेच काढले. ज्यांनी ती रचली त्यांना समुद्र कळत होता.

[दृश्य : अलिबाग शहर, कान्होजींची समाधी.]

तुकोजींचे चिरंजीव कान्होजी. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, अंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. सुवर्णदुर्गापासून सुरुवात करून हा माणूस मराठी आरमाराचा सरखेल झाला. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या तेव्हा ते आधी ताराबाईंच्या बाजूने होते. चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना त्यांनी कैदेत टाकलं. मग १७१३ च्या अखेरीस पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ पुढे झाले. त्यांनी लढाई टाळली, बोलणी केली. कान्होजी शाहू महाराजांकडे आले. सरखेली कायम राहिली, आणि लहानमोठे २६ किल्लेही.

हे सांगायचं कारण एकच. इंग्रजांच्या कागदांत या माणसाला चाचा म्हटलंय, आणि तोच शब्द आजही कुठे कुठे आपण उचलून लिहितो. चाच्याला राजाची सनद नसते. कान्होजींपाशी छत्रपतींची सनद होती.

[दृश्य : खाडीत शिरणारे ट्रॉलर, बंदरावरचा माणूस पावती फाडतो.]

आता दस्तकाबद्दल. दस्तक म्हणजे परवाना. कोकणच्या किनाऱ्याने माल न्यायचा असेल तर सरखेलांचं दस्तक घ्यायचं, त्याचे पैसे भरायचे. दस्तक असलेल्या गलबताला कोणी हात लावायचा नाही, नसलेलं धरून बंदरात आणायचं. ही काही कान्होजींनी काढलेली रीत नव्हे. पोर्तुगीज तर त्यांच्या दोनशे वर्षं आधीपासून हेच करत होते. त्यांचा कागद म्हणजे कार्ताझ. कार्ताझ नसलेली जहाजं त्यांनी पकडली, लुटली, बुडवली. त्यांना मात्र कोणी चाचे म्हटलं नाही.

इंग्रजांशी तंटा पेटला तो याच कागदावरून. १७१३ साली कान्होजींचा आणि मुंबईकर इंग्रजांचा तह झाला होता. कंपनीची जहाजं धरायची नाहीत, हे कान्होजींनी मान्य केलं. पण कंपनीचे लोक आणि मुंबईचे सावकार आपला खाजगी माल कंपनीच्या परवान्यावर पाठवू लागले. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं : कंपनीचं ते कंपनीचं, बाकी सगळ्यांनी माझं दस्तक घ्यावं. मुंबईला ते मान्य नव्हतं.

[दृश्य : खाडीकाठी लाकडी होडीचं काम. सुतार फळीवर रंधा मारतोय.]

दस्तक चालवायचं तर मागे जहाजं लागतात. गुराब हे आंग्र्यांचं मोठं जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं. त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि सखल. त्या नाळेवरून नेम धरून मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत लहान आणि हलकं, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की विलायती जहाज जागच्या जागी ठप्प. अशा वेळी गलबतं वल्ह्यांच्या बळावर गुराबांना ओढत आणत. गाठायचं ते मागून, कारण मोठ्या जहाजाच्या तोफा असतात बाजूंना. आधी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, मग चहूबाजूंनी माणसं वर चढवायची. रात्रीचा मतलई वारा कधी सुटतो, खारा वारा कधी चढतो, कोणत्या खाडीच्या तोंडाशी किती पाणी असतं, हे वल्ह्यावरच्या कोळ्या-भंडाऱ्यांना तोंडपाठ होतं. या कारागिराच्या हाताकडे बघा. कोकणातल्या अशाच हातांनी ते आरमार उभं केलं.

[दृश्य : होडीतून खांदेरी. दीपगृह. गाड्यावरची तोफ.]

थळच्या समोरचं हे खांदेरी. इथून मुंबईच्या तोंडाशी येणारं-जाणारं प्रत्येक शीड दिसतं. नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर चार्ल्स बून स्वतः या बेटावर चालून आले. तोफा डागल्या, माणसं उतरवली, आणि हात हलवत परत गेले. ही तोफ अजून आपल्या गाड्यावर आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत.

[दृश्य : मुंबई, वाळकेश्वर, बाणगंगेच्या पायऱ्या.]

या हरण्याचं खापर मुंबईत फुटलं ते रामा कामतींच्या डोक्यावर. वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा उभं करणारे हे मातब्बर सावकार. आंग्र्यांना फितूर असल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये त्यांच्यावर खटला चालवला, खोट्या पत्राचा पुरावा केला, मालमत्ता जप्त केली. ते तुरुंगातच वारले.

[दृश्य : विजयदुर्ग, समुद्राच्या बाजूने. मग पुन्हा कुलाबा, ड्रोनमधून.]

१७१७ आणि १७२० मध्ये इंग्रज विजयदुर्गावर येऊन गेले. दुसऱ्या वेळी खास बांधलेला तरता तोफखाना आणला, त्याचाही उपयोग झाला नाही. मग १७२१ चा डिसेंबर. या वेळी इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची चार जहाजं होती, त्यांचा सेनापती थॉमस मॅथ्यूज. सोबत गोव्याचे पोर्तुगीज, खुद्द व्हाइसरॉयसह. दोन्ही मिळून सहा हजारांच्या आसपास फौज याच वाळूवर उतरली. तटाला शिड्या लागल्या. तेवढ्यात शाहू महाराजांनी पाठवलेलं घोडदळ पोर्तुगिजांच्या बगलेवर आलं आणि त्यांची फळी फुटली. इंग्रज तोफा आणि दारूगोळा टाकून जहाजांवर पळाले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी थोरल्या बाजीरावांशी तह केला. इंग्रज एकटे पडले.

१७२४ मध्ये डच विजयदुर्गावर आले, तेही तसेच गेले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तोवर त्यांचा एकही जलदुर्ग परक्याला जिंकता आला नव्हता.

[दृश्य : विजयदुर्गाची खाडी, संध्याकाळ. निवेदन नाही, मग :]

मुलांत भाऊबंदकी झाली. १७५६ साली पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर आले, आणि याच पाण्यात मराठी आरमार जळालं. १८४० मध्ये कुलाबा संस्थान कंपनीने खालसा केलं.

[दृश्य : कुलाब्याच्या तटावरच्या दोन तोफा, जवळून.]

या दोन तोफांपाशी सगळे फोटो काढतात. पोरं वर चढतात, आईबाप सांगतात, ही बघ कान्होजींची तोफ. लोखंडावर हात फिरवला की अक्षरं बोटाला लागतात. यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव. साल १८४९.

[दृश्य : भरती लागलीय. गाडीवाला हाका मारतोय. शेवटची घोडागाडी गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याकडे निघते. फक्त लाटांचा आवाज.]