अटॅचमेंट उघडण्याआधी

मंडळी, आपलं सगळ्यांचं काम हिशेबाचं. इन्व्हॉइस, पेमेंट अ‍ॅडव्हाइस, नोटीस अशा नावांच्या फाइल्स दिवसभर येतच राहतात, आणि हे हल्लेखोरालाही पक्कं ठाऊक असतं. फाइल न उघडता तिच्याबद्दल काय काय कळतं, एवढंच आज बघू.

सुरुवात पूर्ण नावापासून. विंडोज ओळखीच्या फाइल्सचं एक्स्टेंशन, म्हणजे नावाच्या शेवटचा फाइलचा प्रकार सांगणारा भाग, मुळातच लपवतं. ४ मे २००० रोजी पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसने याचाच फायदा घेतला. लोकांना नावाच्या शेवटी साध्या मजकुराचं टीएक्सटी दिसलं, त्यामागचं प्रोग्रामचं व्हीबीएस दिसलंच नाही. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' चालू करा. पण तेवढ्यानेही भागत नाही. युनिकोडमध्ये अक्षरांची दिशा उलटवणारं एक अदृश्य चिन्ह आहे. ते घातलं की ईएक्सईचं, म्हणजे प्रोग्रामचं, नावसुद्धा पीडीएफने संपल्यासारखं दिसतं. म्हणून 'टाइप' हा रकाना वाचा. तिथे 'अ‍ॅप्लिकेशन' लिहिलं असेल तर चित्र पीडीएफचं का असेना, ती पीडीएफ नव्हे.

एक्सेलच्या एक्सएलएसएक्स फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्राम, राहू शकत नाही. एक्सएलएसएम आणि जुन्या एक्सएलएसमध्ये राहतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइल्समधले मॅक्रो आपोआप रोखायला सुरुवात केली. कुठली फाइल बाहेरून आली, हे विंडोज तिच्यावरच्या एका खुणेवरून ओळखतं. मग हल्लेखोर आयएसओकडे, म्हणजे आत इतर फाइल्स ठेवता येणाऱ्या डिस्कच्या नकलेकडे, वळले, कारण आयएसओच्या आतल्या फाइलला तेव्हा ती खूण लागत नसे. ती फट बुजवली गेली. पासवर्डवाली झिप मात्र अजून चालते, कारण मेल तपासणाऱ्या यंत्रणेला सहसा आत डोकावताच येत नाही. झिप आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये असतील तर गोपनीयता कसली राखली? 'अनब्लॉक'वर टिक करा, 'एनेबल कंटेंट' दाबा, असं हे रोखणं उठवायला मेलमध्येच सांगितलं असेल, तर ती फाइल धोक्याचीच समजा, पुढे तपासायची गरजच उरत नाही.

फाइल सेव्ह करायला हरकत नाही, पण फाइल न उघडताच तिचा मजकूर दाखवणारा एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू पेन आधी बंद करा. २०२२ मध्ये विंडोजमध्ये सापडलेल्या फोलिना नावाच्या त्रुटीत आरटीएफ फाइल नुसती प्रीव्ह्यूमध्ये दिसली तरी हल्ल्याला पुरत असे.

आता हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा. विंडोजच्या पॉवरशेल या कमांड लिहिण्याच्या खिडकीत 'गेट-फाइलहॅश' टाइप करा, एक स्पेस द्या, फाइल त्या खिडकीत ओढून सोडा आणि एंटर दाबा. ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ हॅश मिळेल. तो व्हायरसटोटल या, अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या वेबसाइटच्या शोधपेटीत टाका. फाइल थेट अपलोड करायची घाई बहुतेक जण करतात आणि तिथेच चुकतात. अपलोड केलेली फाइल अँटिव्हायरस कंपन्यांकडे जाते, आणि पैसे भरणारे ग्राहक ती उतरवूनही घेऊ शकतात. त्यात अशिलाचा पॅन किंवा पगारपत्रक असेल तर तुम्हीच ते बाहेर दिलंत. हॅशमधून मजकूर बाहेर जात नाही.

निकाल वाचायलाही तारतम्य लागतं. हॅश सापडला नाही, याचा अर्थ एवढाच की ती फाइल तिथे कोणी टाकलेली नाही. तुमच्यासाठीच बनवलेल्या इन्व्हॉइसच्या बाबतीत ते साहजिक आहे. पण प्रसिद्ध सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर म्हणून आलेली फाइल तिथे अनोळखी असेल तर दाल में कुछ काला है. तिथल्या सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांपैकी एखाद्याच अपरिचित इंजिनाने लाल दाखवलं तर तो खोटा इशाराही असू शकतो. शून्य आलं तरी हुरळून जाऊ नका. फाइल ताजी असेल तर दुसऱ्या दिवशी 'रीअ‍ॅनालाइझ' करा.

उघडणं भागच असेल तर विंडोज सँडबॉक्स, म्हणजे मूळ मशिनपासून वेगळी ठेवलेली तात्पुरती विंडोज, वापरा. ती प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्तीत मिळते, होममध्ये नाही. बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. मात्र तिचं नेटवर्क मुळातच चालू असतं, ते कॉन्फिगरेशन फाइलमधून बंद करून घ्या. सँडबॉक्स ओळखून गप्प बसणारे मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रामही असतात, तेव्हा आत काही घडलं नाही म्हणून फाइलला क्लीन चिट देऊ नका.

पाठवणारा ओळखीचा आहे, एवढं पुरत नाही. इमोटेट हे मालवेअर चोरलेल्या जुन्या पत्रव्यवहारालाच उत्तर म्हणून येत असे, विषयाची ओळही खरीच. तेव्हा फोन लावा, पण मेलखालच्या सहीतल्या नंबरवर नव्हे, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.

आणि कोणी उघडलीच असेल तर आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशिनवरून. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.