पेन्शनीत आलेला माणूस

(दृश्य: खेड रेल्वे स्थानक, पहाटेचा पाऊस. फलाटावर एक काळी लोखंडी ट्रंक.)

आमच्याकडे म्हणतात, अमक्याचा मुलगा पेन्शनीत आला. परक्या माणसाला वाटेल, कुणी साठीचा गृहस्थ काठी टेकत घरी आला. माझे बाबा पेन्शनीत आले तेव्हा 37 वर्षांचे होते. मी सातवीत होते. गाडीतून उतरल्यावर काकांनी ट्रंकेला हात घातला, तर बाबांनी तो बाजूला केला आणि ट्रंक एकट्याने खांद्यावर घेतली. त्या खांद्यात अजून वीस वर्षांचं काम शिल्लक होतं. ते कुठे करायचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं.

(दृश्य: मंडणगड तालुक्यातला डोंगरउतार. अंगणात आजी. जवळून: डिस्चार्ज बुकाची पिवळी पानं.)

दहावी झाल्यावर बाबा बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. 17 वर्षं सेवा. सैन्याला तरुण पाय लागतात, म्हणून शिपाई, नायक, हवालदार यांच्यातले बरेच जण पस्तिशी-चाळिशीतच घरी पाठवले जातात. 15 वर्षं पुरी झाली की पेन्शन लागते. पण तहसील कचेरीतला लिपिक 58 व्या वर्षापर्यंत खुर्चीवर असतो. मधल्या वीस वर्षांत मुलांची शाळा येते, म्हाताऱ्यांची दुखणी येतात, घराचं छप्पर येतं. जवानाला लवकर सोडणं ही देशाची गरज आहे, त्याची नाही. म्हणून पुढची नोकरी मिळवताना त्याला हात देणं हे देशाकडून राहिलेलं देणं आहे, असं मी मानते. सरकारी भरतीत माजी सैनिकांना जागा राखून ठेवतात, त्यामागे हाच हिशोब आहे.

महाराष्ट्रात गट क (लिपिक, तलाठी अशी पदं) आणि गट ड (कचेरीतले शिपाई वगैरे) च्या सरळसेवा भरतीत 15 टक्के जागा माजी सैनिकांसाठी असतात. केंद्र सरकारकडे गट क मध्ये 10 टक्के. वयाच्या अटीतही सूट आहे: जितकी वर्षं सैन्यात काढली तितकी, आणि वर आणखी 3.

(दृश्य: दापोली. जुन्या झाडांखालचा रस्ता, कौलारू घरं.)

या वाटेवर कोकणातली माणसं फार पूर्वीपासून चालली आहेत. दापोली ही इंग्रजांची लष्करी छावणी. कॅम्पचं काप झालं आणि जुनी माणसं अजून काप दापोली म्हणतात. निवृत्त झालेले पलटणीतले कितीतरी लोक इथेच घर करून राहिले. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. सैन्यातली महारांची भरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा 1894 साली त्यांनी लष्कराच्या वरिष्ठांसाठी विनंतीअर्ज तयार केला. भरतीचं दार बंद होणं म्हणजे काय, हे त्या वस्तीला आधी कळलं. पगार, पेन्शन आणि पलटणीतली शाळा, सगळं एकदम जाणार होतं.

आमच्याच तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. काही काळ दापोलीत राहिले. पेन्शन होती, पण घर मोठं होतं. पुढे त्यांना साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात भांडारपालाची नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड तिकडे गेलं. त्या साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांच्या भीमराव नावाच्या मुलाचं नाव शाळेच्या पटावर चढलं. तो दिवस आज महाराष्ट्र विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. निवृत्त सैनिकाला मिळालेली दुसरी नोकरी त्याच्या मुलांना कुठल्या शाळेच्या दारात नेऊन उभी करते, हे मला या एका बिऱ्हाडावरून जितकं कळलं तितकं कुठल्याच शासन निर्णयावरून कळलं नाही.

(दृश्य: लोटे औद्योगिक वसाहत, रात्र. कारखान्याचं गेट.)

बाबांना पहिली नोकरी मिळाली ती एका कारखान्याच्या गेटवर. 12 तासांची पाळी. ट्रक आला की आडवा बांबू वर करायचा, वहीत नंबर लिहायचा. तक्रार त्यांनी कधी केली नाही. फक्त पहाटे घरी आल्यावर गणवेशाची घडी घालायचे, तेव्हा पूर्वीसारखे बोलायचे नाहीत.

त्याच काळात तलाठ्याच्या दोन जाहिराती येऊन गेल्या. दोन्ही त्यांनी पेपरात वाचल्या. शैक्षणिक पात्रता: पदवीधर. आपण दहावी, म्हणून पेपर मिटून ठेवला. दहावी झालेल्या आणि 15 वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला, तांत्रिक अनुभव लागत नसलेल्या गट क च्या पदासाठी पदवीची अट आड येत नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी हातात कागदांची जाड फाइल ठेवली होती. हे एक वाक्य मात्र कुणी मोठ्याने वाचून दाखवलं नाही. दोन जाहिराती आणि त्यांच्या आयुष्यातली तीन वर्षं अशीच गेली. याचा राग मला अजून येतो.

सांगितलं ते वरच्या वाडीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी, गणपतीत, आरतीनंतर. ‘अरे, वेडा की काय तू? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ओळखपत्र काढ, फॉर्म भर.’

(दृश्य: कंदिलाच्या उजेडात उघडी वही. शेजारी मुलीचं सातवी-आठवीचं व्याकरणाचं पुस्तक.)

फॉर्म भरला, पण परीक्षा तर होतीच. आरक्षणामुळे रांग वेगळी मिळते, प्रश्नपत्रिका तीच असते. मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान, अंकगणित. समोर बसलेली मुलं 22-23 वर्षांची, पुण्या-रत्नागिरीच्या अभ्यासिकांतून आलेली. बाबा माझ्या शाळेच्या पुस्तकातून काळ आणि प्रयोग शिकले. मी त्यांची शुद्धलेखनाची वही तपासायची. पहिल्या वेळी 4 गुणांनी राहिले. दुसऱ्या वेळी यादीत नाव आलं.

माझा चुलतभाऊ तेव्हा याच परीक्षांच्या मागे होता. तो म्हणाला, काकांना पेन्शन आहे, मग आमची जागा कशाला? त्याचं दुःख खोटं नव्हतं. चार जागांना चारशे अर्ज हे त्याचं रोजचं जगणं. पण हे आरक्षण समांतर आहे. प्रत्येक प्रवर्गाच्या आतच ते मोजलं जातं. पात्र माजी सैनिक मिळाला नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराकडे जाते. तेव्हा जवानाची जागा कुणी हिसकावत नाही, तो वेळेवर पोचला नाही की गुपचूप निसटते. त्याला वेळेवर पोचवण्याचं काम कुणी आपलं मानत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. तिथे डिस्चार्जच्या आधीच्या वर्षापासून अभ्यासवर्ग चालावेत, टंकलेखन शिकवावं. लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द लागतात. रायफलीवर घट्टे पडलेल्या बोटांना तेवढा सराव महिनाभरात होत नाही.

(दृश्य: कर्द्याचा किनारा, भरतीची तयारी करणारी मुलं धावताहेत.)

आता ही घाई वाढणार आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेत मुलगा चार वर्षांनी परत येतो. 25 टक्क्यांपर्यंतच कायम होतात, बाकीच्यांना पेन्शन नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी 10 टक्के जागा राखण्याचं त्याच वर्षी जाहीर झालं. या वाळूवर धावणाऱ्या मुलांतली बहुतेक पंचविशीच्या आसपास पेन्शनीशिवाय घरी येतील.

(दृश्य: रविवार सकाळ, ओटी. चष्मा लावलेले बाबा, समोर फॉर्म, कानाला फोन.)

बाबा आता महसूल मंडळात सगळ्यांचे तलाठीभाऊ. पदाचं नाव कागदावर ग्राम महसूल अधिकारी झालंय, हाक तीच आहे. रविवारी ओटीवर फॉर्म घेऊन मुलं बसतात. आज फोन आहे तो खालच्या वाडीतल्या एका नायकाचा, सीमेवरून.

‘डिस्चार्जला किती राहिलं? दीड वर्ष? मग सुटीवर येशील तेव्हा बघू, असं म्हणू नको. इंग्रजीचं व्याकरण आजच मागव आणि ट्रंकेत टाक. आणि हे बघ, जाहिरातीत पदवीधर लिहिलेलं दिसलं, तर पेपर मिटू नको. आधी मला फोन कर.’