पेशंट कुठं न्यायचा?

(दृश्य: बेळगाव–वेंगुर्ले रस्ता, सकाळ. शिनोळीतून एक रुग्णवाहिका बेळगावकडे जाते.)

गाडी महाराष्ट्राची, आतला पेशंट महाराष्ट्राचा, आणि निघालीय कर्नाटकात. शिनोळी मागे पडली, बाची आली, की राज्य बदललं. चंदगडहून बेळगाव चाळीसेक किलोमीटर. चंदगडचा स्वतःचा जिल्हा, म्हणजे कोल्हापूर, शंभराच्या वर. त्यामुळे रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर ‘कोल्हापूरला न्या’ असं इथं कुणी म्हणत नाही.

निपाणीत याच्या उलट. निपाणीचा जिल्हा बेळगाव, पण हायवेनं जवळ पडतं कोल्हापूर. तिथला पेशंट सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जातो, नाहीतर तिथल्या खासगी दवाखान्यात. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पेशंटांनी आपली वाट कधीच ठरवून टाकलीय.

घोटाळा होतो तो सरकारी गाडीचा. कर्नाटकची १०८, म्हणजे ‘आरोग्य कवच’, २००८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राची १०८ २०१४ मध्ये. नंबर एकच, यंत्रणा वेगळ्या. महाराष्ट्राच्या गाडीत डॉक्टर असतो, कर्नाटकच्या गाडीत प्रशिक्षित नर्स किंवा तंत्रज्ञ. दोन्हींची आखणी आपापल्या राज्यापुरती. म्हणून हद्दीवरची माणसं पुष्कळदा १०८ लावतच नाहीत. शेजाऱ्याची बोलेरो काढतात. ती लवकर निघते हे खरं, पण तिच्यात ऑक्सिजन नसतो, आणि वाटेत श्वास अडकला तर काय करायचं हे माहीत असणारं माणूसही नसतं.

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. भाताची रोपलावण, पाऊस.)

आता खानापूरच्या जंगलपट्ट्यात. भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांना पावसाळ्यात गाडी पोचत नाही. मग दोन बांबू, मध्ये घोंगडं, आणि चौघांचे खांदे. ओढा भरलेला असला की पाणी उतरेपर्यंत थांबायचं. गाडी डांबरी रस्त्यावर उभी असते, पेशंट चालत्या माणसांच्या खांद्यावरून तिच्यापर्यंत येतो. अशा ठिकाणी ‘रुग्णवाहिका किती मिनिटांत आली’ हा हिशेब कागदावर कितीही चांगला दिसला, तरी अर्धाच असतो. आमच्या मते घड्याळ पेशंटच्या उंबऱ्यापासून लावायला हवं.

लावणीच्या दिवसांत इथली मोठी धास्ती सापाची. आणि नेमका इथंच निर्णय चुकतो. अंगणात बोलणं सुरू होतं.

“खानापुरात कशाला? थेट बेळगावलाच न्हेऊया.”

“तिथं आमचा पाव्हणा हाय, तो बघंल सगळं.”

पाव्हण्याचा फोन लागेपर्यंत वेळ जातो. वाटेत सापावर गावठी औषध देणारं कुणी असेल, तर तिथंही गाडी थांबते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. जवळच्या सरकारी दवाखान्यात ती आहे का, एवढं विचारायचं. असेल तर पहिला डोस तिथं, बेळगावचं नंतर. मण्यार चावली तर पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. काही तासांत पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू दमतात. असा पेशंट मागच्या सीटवर मांडीवर डोकं ठेवून न्यायचा नसतो. त्याच्यासाठी गाडीत अंबू बॅग, म्हणजे दाबून श्वास देणारी पिशवी हवी, आणि ती दाबत राहणारा हात हवा.

हृदयविकारालाही हाच नियम. आधी जवळच्या ठिकाणी ईसीजी. दिवंगत कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावानं कर्नाटकानं ‘हृदय ज्योती’ योजना आणली, ती याचसाठी. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांनी बघायचा, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच द्यायचं. पेशंट पुढे हलवायचा तो त्यानंतर.

लकव्याचं मात्र वेगळं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली, तर जिथं सीटी स्कॅन नाही तिथं थांबण्यात अर्थ नाही. रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गुठळीवरचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही त्रास सुरू झाल्यापासूनचे तास, दवाखान्यात पोचल्यापासूनचे नव्हेत. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हटलं की ते हातचे गेले.

अडलेल्या बाळंतिणीचा प्रश्न आणखी साधा. सिझेरियन करणारे डॉक्टर आणि रक्त, दोन्ही आज, आत्ता आहेत का? निघण्यापूर्वी फोन करून विचारलं, तर दोन दवाखाने फिरणं वाचतं. तातडीच्या पेशंटला पहिले उपचार नाकारता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय. पण दारात कायदा सांगत बसण्यापेक्षा आधी केलेला फोन जास्त कामाचा.

(दृश्य: टेकडीवर उभा एक तरुण, हातात मोबाईल, रेंज शोधतो आहे.)

आणि फोनचंही इथं एक तंत्र आहे. हद्दीवर मोबाईल कधी पलीकडचा टॉवर धरतो, आणि कर्नाटकातून लावलेला १०८ महाराष्ट्रात वाजतो. तिकडचा माणूस गाव शोधत बसतो, ते त्याच्या यादीत नसतं. म्हणून पलीकडून आवाज आला की आधी राज्य सांगायचं, मग तालुका, मग गाव. मग रस्त्यावरची खूण: कुठल्या फाट्यावर आत वळायचं, गाडी कुठवर येते, आणि पुढे पेशंटला कुणी उचलून आणतंय का.